टॅरँट्युलाच्या पिल्लाने बिळाचं तोंड बंद केलंय? खणू नका, पाणी द्या

ताई, आधी थेट उत्तर देतो, कारण तुमच्या घरी कुणीतरी चमचा हातात घेऊन बसलेलं असणार. खणू नका.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही ओहायोत राहता. अकरा वर्षांच्या मुलाने रेप्टाइल एक्स्पोमधून, म्हणजे पाळीव सरपटणाऱ्या प्राण्यांच्या प्रदर्शनातून, कर्ली हेअर टॅरँट्युला या मोठ्या केसाळ कोळ्याचं पिल्लू आणलं, पाय पसरून जेमतेम दीड सेंटिमीटरचं. काही दिवस ते दिसायचं, खायचं. मग त्याने बीळ केलं, आत गेलं आणि मातीने तोंड लिंपून टाकलं. याला तीन आठवडे झाले. बाहेर ठेवलेला रातकिडा तसाच फिरतोय. यजमान म्हणतात खणून बघू, मुलगा रडकुंडीला आलाय आणि व्हिडिओत कुणीतरी खाली हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी चटई, लावायला सांगितलंय. शिवाय दोन जास्तीचे प्रश्न आहेत: उन्हाळ्यात महिनाभर भारतात जाताना याचं काय करायचं, आणि पुण्याच्या भाच्यासाठी असंच एक पिल्लू नेता येईल का.

मला दिसतं ते असं, की जो प्राणी दिसतच नाही त्याची तब्येत कशी ओळखायची, ही तुमची अडचण आहे. टॅरँट्युला पाळणाऱ्या प्रत्येकाला सुरुवातीला ती येते. त्यामुळे हे नेमकं पिल्लू जिवंत आहे का, एवढ्यापुरतं उत्तर देऊन भागणार नाही.

काही गोष्टी मात्र तुमच्याकडूनच कळायला हव्यात. तोंड बंद करण्याआधी त्याचं पोट कसं होतं, फुगलेलं की चपटं? डब्यातली माती आत्ता खालपर्यंत ओलसर आहे की कोरडी ठणठणीत? आणि ते खरंच कर्ली हेअर आहे ना? एक्स्पोत लेबलं चुकतात. पुढचं सगळं ते कर्ली हेअर आहे असं धरून लिहितोय. शास्त्रीय नाव ट्लिल्टोकॅटल अल्बोपिलोसस. २०२० मध्ये हा गट ब्रॅकिपेल्मापासून वेगळा केला, म्हणून जुन्या पुस्तकांत ते ब्रॅकिपेल्मा म्हणून सापडेल. मूळचं मध्य अमेरिकेतलं, होंडुरास, निकाराग्वा, कोस्टा रिका या बाजूचं. स्वभावाने शांत, पहिल्या टॅरँट्युलासाठी उत्तम. मुलाची निवड चांगली आहे, हे त्याला जरूर सांगा.

पोट भरलेलं होतं आणि माती ओलसर असेल, तर जवळपास नक्की ते कात टाकायच्या तयारीत आहे. कात टाकताना आत काय चालतं हे एकदा समजलं की खणायला मी एवढा विरोध का करतोय ते कळेल.

कोळ्याचा सांगाडा अंगाबाहेर असतो आणि तो वाढत नाही. म्हणून जुन्या कवचाखाली नवं मऊ कवच तयार होतं. जुन्याचा आतला थर विरघळवून त्यातला कामाचा ऐवज शरीर परत शोषून घेतं आणि दोन कवचांमध्ये पातळ द्रव भरतो. दिवस आला की पिल्लू रेशमाची चटई विणतं आणि बहुतेक वेळा तिच्यावर चक्क उताणं होतं. मग पोटातलं रक्त पुढच्या भागात ढकलतं. तिथला दाब एवढा वाढतो की पाठीची ढाल कडेने उकलते आणि वर उचलली जाते. त्या फटीतून ते सुळे, आठ पाय, तोंडाजवळचे दोन पायांसारखे अवयव, सगळं जुन्यातून ओढून काढतं. पुस्तकाच्या पानांसारख्या श्वसनपटलांचं अस्तर निघतं, अन्ननलिकेच्या पुढच्या भागाचं अस्तरही निघतं. एवढ्या लहान पिल्लाचं हे काम तासाभरात उरकतं, मोठ्या मादीला कित्येक तास लागतात. बाहेर आलेलं पिल्लू मऊ, फिकट आणि पूर्ण निराधार असतं. सुळे पांढरे असतात, त्यांनी काहीही टोचता येत नाही.

म्हणून ते दार लावून घेतं. अशा वेळी वरून चमच्याने माती उकरली, तर पाय जुन्या कवचात अर्धे अडकलेले असताना त्याला धक्का बसू शकतो. नव्या कवचाला एक चीर पडली तरी रक्त वाहून ते मरतं. आणि मुलाला वाटेल की ते आधीच मेलेलं होतं.

आता पाण्याकडे येतो. माझ्या पाहण्यात लहान पिल्लं मरतात ती बहुतेक कोरडेपणाने, उपासाने क्वचित. कोळ्याच्या पायांत वाकवायचे स्नायू आहेत, पण काही महत्त्वाच्या सांध्यांत सरळ करायचे स्नायूच नाहीत. तिथे पाय सरळ होतो तो रक्ताच्या दाबाने. कात टाकायलाही तोच दाब लागतो. अंगातलं पाणी कमी झालं की चालणं मंदावतं, पाय पोटाखाली आकसायला लागतात आणि कात टाकायची वेळ आली तर ते जुन्या कवचात अडकून पडतं. मोठ्या टॅरँट्युलाच्या कवचावर पाणी अडवून धरणारा मेणासारखा थर चांगला जाड असतो. पिल्लाचा तो पातळ असतो आणि अंगाच्या मानाने पृष्ठभाग जास्त, त्यामुळे ते झपाट्याने सुकतं. "टॅरँट्युला वाळवंटातला प्राणी, त्याला कोरडं ठेवा" हा सल्ला तुम्ही कुठे ना कुठे ऐकाल. मोठ्या काही जातींना तो चालतो. पिल्लांना चालत नाही, वाळवंटी जातींच्या पिल्लांनाही नाही.

त्यात तुमच्याकडे हिवाळ्यात घर गरम ठेवणारी फर्नेस चोवीस तास चालते. घरातल्या हवेने आपले ओठ फुटतात, मग अर्ध्या मुठीएवढ्या डब्यातली माती दोन-चार दिवसांत वाळते यात नवल काय. तेव्हा आज एवढंच करा: ड्रॉपरने किंवा सुई काढलेल्या सिरिंजने डब्याच्या एका कोपऱ्यात, बिळापासून लांब, कडेने हळूहळू पाणी सोडा. ते तळापर्यंत झिरपू द्या. चिखल होईल इतकं नको, मूठभर माती दाबली तर थेंब गळू नयेत इतपत. दुसरा कोपरा तुलनेने कोरडा राहू द्या. मग पिल्लू स्वतःला हवी तशी जागा निवडतं आणि तुमचा अंदाज थोडा चुकला तरी निभावतं. सगळीकडे फवारा मारणं मला पटत नाही. वरची माती ओली दिसते, आपलं समाधान होतं आणि खाली बिळात, जिथे ते बसलंय, तिथे काहीच पोचत नाही.

ओलावा हवा याचा अर्थ कोंदट हवा चालते असा घेऊ नका. झाकणाला आणि बाजूंना बारीक भोकं हवीत, पिल्लाच्या पाठीच्या ढालीपेक्षा लहान, कारण ढाल जाते तिथून ते सगळं जातं. बुरशी दिसली तर तेवढा मातीचा भाग उचलून टाका. स्प्रिंगटेल नावाचे पांढरे सूक्ष्म किडे मिळाले तर सोडून द्या, ते बुरशी खातात आणि कोळ्याला काही करत नाहीत.

हीट मॅट नको. खालून तर मुळीच नको. जमिनीत राहणारा प्राणी तापायला लागला की आणखी खाली जातो, कारण निसर्गात खाली गारवा असतो. इथे खाली मॅट. ज्या खोलीत तुम्ही स्वेटरशिवाय बसू शकता ती खोली त्याला पुरते. बावीस-तेवीस अंशांना वाढ जरा सावकाश होईल, होऊ द्या.

तो रातकिडा मात्र आजच बाहेर काढा. कात टाकणाऱ्या पिल्लाला भुकेला रातकिडा कुरतडून खातो. मीलवर्म ही खाद्य म्हणून विकली जाणारी अळी तर त्याहून वाईट, मातीत घुसून बिळापर्यंत पोचते. पुढे खायला द्याल तेव्हा भक्ष्य पिल्लाच्या पोटापेक्षा मोठं नको, आणि न खाल्लेलं दुसऱ्या दिवशी उचलायचं. उडता न येणाऱ्या फळमाश्या, टाचणीच्या डोक्याएवढे रातकिडे किंवा मेलेल्या रातकिड्याची तंगडी, सगळं चालतं. एवढी लहान पिल्लं मेलेलं भक्ष्यही आवडीने खातात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि विनाकारण जिवंत किड्यांचे डबे सांभाळत बसतात. आठवड्यातून दोनदा दिलं तरी पुरे.

खणण्याऐवजी बघायचं कसं, ते आता. पिल्लं पुष्कळदा डब्याच्या भिंतीलगत किंवा तळाला टेकून बीळ करतात. डबा न हलवता, न तिरका करता, सरळ वर उचलून खालून बघा. मंद टॉर्च चालेल. कुठेतरी पायाचं टोक, रेशमाचा पडदा किंवा पोटाचा गोल भाग दिसू शकतो. दिसला तर त्या जागी बाहेरून काळा कागद चिकटवून ठेवा, म्हणजे त्याला अंधार मिळेल आणि तुम्हाला खिडकी. दिवसातून एकदा कागद उचलायचा, बास. या कोळ्याची नजर अधू असते, पण पायांवरच्या केसांना बारीकशी थरथर कळते. डब्यावर टकटक करून "आहेस का?" विचारणं म्हणजे त्याच्यासाठी भूकंप.

दिसलं तर पोट पाहा. कात टाकण्याआधी पोट फुगीर, तुकतुकीत आणि गडद होतं. इथे एक गफलत सगळे करतात. या जातीच्या पिल्लांच्या पोटावर मागच्या बाजूला काळसर ठिपका लहानपणापासूनच असतो, कारण तिथे खाजरे केस असतात. तो पाहून "प्रीमोल्ट (कात टाकण्याआधीचा काळ) सुरू झालं" म्हणून लोक महिनाभर खाणं बंद करतात. ठिपक्याभोवतीचा एरवी फिकट असलेला भागही काळवंडला आणि चकाकायला लागला, तरच ती खूण धरा. पोट मनुकेसारखं सुरकुतलेलं दिसलं, तर मामला वेगळा, तिथे पाणी हवं.

एरवी, म्हणजे बीळ उघडं असतानाच्या दिवसांत, त्याचं वागणं वाचता येतं. तोंडात मातीचे गोळे धरून ते रात्री वाहून नेताना दिसलं की समजावं, घर जमलंय. बिळाच्या तोंडाशी पसरलेले धागे ही त्याची घंटी, त्यावर किडा चालला की आत कळतं. झाकणाला किंवा भिंतीला चिकटून बसलं असेल आणि डबा नवा असेल तर चार दिवस द्या. जुन्या डब्यात तसं करत असेल तर माती फार ओली आहे किंवा हवा कोंदलीय. पाण्याच्या टोपणावरच ठाण मांडून बसलं तर उलट, माती कोरडी झालीय. सगळे पाय अंगाशी गच्च ओढून, गुडघे वर करून बसलं असेल तर कशाने तरी बिथरलंय, तेव्हा खाणं टाकू नये. भक्ष्य पकडल्यावर ते कधीकधी जागच्या जागी गोल गोल फिरतं आणि पोटाचं टोक खाली टेकवत जातं. लोक याला आनंदाचा नाच म्हणतात. ते खाली रेशीम अंथरतंय आणि भक्ष्य बांधतंय. तरी पाहायला फार छान, मुलाला नक्की दाखवा. आणि समोर आलेल्या किड्यापासूनच ते पळालं, तर किडा मोठा आहे किंवा कात जवळ आलीय.

मुलाला एक वही करून द्या. तारीख, पिल्लू कुठे होतं, काय खाल्लं, पोट कसं दिसलं, पाणी कधी दिलं. "कंटाळलंय", "रागावलंय" असं लिहायचं नाही, दिसलं तेच लिहायचं. मुलांना आधी हे रुक्ष वाटतं, पण दोन-तीन काती झाल्या की मागची पानं चाळून ती स्वतःच सांगायला लागतात की आता हे दार लावणार. याचं एक मोठं उदाहरण ऑस्ट्रेलियात आहे. बार्बरा यॉर्क मेन या संशोधिकेने १९७४ पासून पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या एका राखीव क्षेत्रात झाकणवाल्या बिळांच्या कोळ्यांचा अभ्यास केला. हे टॅरँट्युला नव्हेत, त्यांचे नातलग. प्रत्येक बिळाशेजारी क्रमांकाची खुंटी रोवलेली, आणि वर्षानुवर्षं फक्त जाऊन बघायचं. त्यातली १६ क्रमांकाची मादी ४३ वर्षं जगली. २०१६ मध्ये तिच्या बिळाच्या झाकणाला भोक पडलेलं आढळलं, बहुधा परजीवी गांधीलमाशीने पाडलेलं, आणि ती गेली हे कळलं. ती जिवंत असताना कुणी बीळ फोडलं असतं तर हे वय कधीच कळलं नसतं.

हात कधी घालायचा? पिल्लू उताणं पडलंय, तर घालायचा नाही, ते कात टाकतंय. पिल्लू सरळ आहे पण सगळे पाय पोटाखाली मुठीसारखे आवळले गेलेत, तर लगेच. एका लहान डबीत ओला टिश्यू पेपर घालून त्यावर त्याला मऊ ब्रशने उचलून ठेवा, झाकणाला भोकं असू द्या, आणि काही तास थांबा. तहानेनेच झालं असेल तर पुष्कळदा पाय पुन्हा पसरतात. कातेत अडकलेल्या पिल्लाला चिमट्याने सोडवायचे उद्योग मात्र करू नका. दीड सेंटिमीटरच्या प्राण्यात ते अनुभवी माणसालाही क्वचित साधतं. एखादा पाय गेला तर घाबरू नका, पुढच्या एक-दोन कातींत तो परत येतो.

बंद दारामागे किती दिवस? एवढ्या पिल्लाला दोन-तीन आठवड्यांपासून दीड-दोन महिन्यांपर्यंत काहीही लागू शकतं, गारव्यात जास्तच. पोट भरलेलं असताना आत गेलं असेल तर दोन महिने उलटले तरी मी फक्त पाणी देत राहीन. हेही खरं की सगळं नीट करूनही काही पिल्लं मरतात. एका अंडकोशातून शेकड्यांनी पिल्लं निघतात, ती काही उगाच नाही. मुलाला हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

बाहेर आलं की लगेच खायला देऊ नका. सुळे पांढऱ्याचे लालसर आणि मग काळे होईपर्यंत थांबा. पिल्लाला आठवडाभर पुरतो. टाकलेली कात बिळाबाहेर फेकलेली मिळेल, ती जपून ठेवा. पुढे ते चार-पाच सेंटिमीटरचं झालं की कातीचा पोटाकडचा भाग साबणाच्या पाण्याच्या थेंबाने उलगडून भिंगाखाली पाहता येतो. पुढच्या दोन श्वसनपटलांच्या मध्ये मादीला बीजकोश, म्हणजे नराचं बीज साठवायची पिशवी, दिसतो, नराला नाही. हे कळणं तुमच्या कामाचं आहे. नर वयात आल्यावर फार टिकत नाही. मादी वीस वर्षांच्या आसपास जाऊ शकते, म्हणजे मुलगा कॉलेजला गेल्यावर ती तुमच्याकडे असेल.

हातावर घ्यायचं नाही, लहानपणी नाही आणि मोठेपणीही शक्यतो नाही. उंचीवरून पडलं तर पोट फुटतं. या जातीचं विष माणसाला फार त्रासदायक नाही, खाजरे केस मात्र आहेत, कोळी ते मागच्या पायांनी झाडतो. डबा साफ करताना चेहरा जवळ नेऊ नये आणि नंतर डोळे चोळू नयेत. इंग्लंडमध्ये लीड्सच्या एका माणसाच्या बुबुळात पाळलेल्या चिलीयन रोझ टॅरँट्युलाचे केस रुतून बसले होते, ते प्रकरण २०१० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. तोही टाकी साफ करत होता.

भाच्यासाठी पुण्याला पिल्लू नेण्याचं डोक्यातून काढून टाका. ही जात साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे देशाबाहेर नेताना निर्यात परवाना, भारतात आणताना आयात परवाना आणि सीमाशुल्काची तपासणी. शिवाय २०२२ च्या वन्यजीव कायदा दुरुस्तीने अशा परदेशी प्राण्यांची नोंदणी बंधनकारक केली आणि २०२४ मध्ये तिचे नियम आले. सामानात डबी लपवून नेणं ही तस्करीच. भाच्याला खरीच आवड असेल तर त्याला आपल्याकडच्या टॅरँट्युलांबद्दल वाचायला सांगा. आंध्रातल्या गुटीच्या निळ्या टॅरँट्युलाचं वर्णन पोकॉक या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने १८९९ मध्ये केलं, तेही गुटीच्या रेल्वे लाकूड आवारात सापडलेल्या एका नमुन्यावरून. मग शंभर वर्षं तो कुणाला दिसला नाही. २००१ मध्ये नंद्याल आणि गिड्डलूरच्या मधल्या जंगलात पुन्हा सापडला आणि आज तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे. सह्याद्रीतही जमिनीत बिळं करून राहणारे टॅरँट्युला आहेत. पावसाळ्यात रात्री टॉर्च घेऊन दरडीच्या कडेने, कुणी जाणता बरोबर असेल तर, ते पाहता येतात. पाहायचे, फोटो काढायचा, घरी आणायचे नाहीत.

राहिला तुमच्या महिन्याभराच्या सुट्टीचा प्रश्न. मोठी मादी पाण्याची वाटी भरून ठेवली तर महिना आरामात काढते. पिल्लू उपाशी राहील, पण माती तेवढे दिवस ओली राहणार नाही. शेजारच्या कुणाला डबा देऊन ठेवा, सोबत ड्रॉपर द्या, आणि कोणत्या कोपऱ्यात किती थेंब, किती दिवसांनी, ते डब्यावरच पट्टी चिकटवून लिहा. जायच्या आधी दोन आठवडे हीच पट्टी तुम्ही स्वतः पाळून बघा, म्हणजे तुमच्या घरात माती किती दिवसांत वाळते ते कळेल. खायला घालायचं मात्र त्यांना सांगू नका. हौसेने जिवंत रातकिडा टाकतील आणि काढायला विसरतील.